आधी खोलीचं वजन, मग गाडी

पोलादपूरला मुंबई-गोवा महामार्ग सोडून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात आंबेनळी घाट सुरू होतो. सुमारे चाळीस किलोमीटरच्या अंतरात गाडी सावित्रीच्या खोऱ्यातून थेट १३७२ मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात पोचते. दक्षिणेला खेडकडे निघालं तर कशेडी. तिथे आता बोगदा झाल्याने चढ बराच वाचतो. महाडहून भोरला जायचं तर वरंधा. अशा तीन घाटांच्या मध्ये राहणाऱ्या माणसाने पिकअप घ्यायची म्हटलं, तर पहिला प्रश्न एकच असतो: भरलेली गाडी घाटात कशी वागते? पिकअपवर राहती खोली चढवायची असेल तर हाच प्रश्न आणखी गंभीर होतो.

ही खोली म्हणजे ट्रक कॅम्पर. पिकअपच्या हौद्यात बसवायची एक पेटी, तिच्यात दोघा-तिघांची झोपायची सोय, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि जमल्यास शौचालय. बोलेरो कॅम्पर नावाची डबल केबिनची गाडी आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, तिच्याशी या खोलीचा संबंध नाही. कॅराव्हॅन किंवा मोटारहोमपेक्षा ही रचना वेगळी पडते ती एका गोष्टीने: खोली उतरवता येते. तिच्या चार कोपऱ्यांना जॅकचे पाय असतात. ते खाली सोडून खोली उचलायची आणि गाडी पुढे काढून घ्यायची. खोली अंगणात उभी राहते आणि गाडी कामाला मोकळी.

आपल्या भागाला हे का सोयीचं आहे, ते सांगायला हवं. महाड-पोलादपूरकडे पिकअप ही पोट भरणारी गाडी आहे. मे महिन्यात आंबा, पावसाळ्याआधी कौलं-पत्रे-सिमेंट, गणपतीत चाकरमान्यांचं सामान, एरवी महाडच्या औद्योगिक वसाहतीतली भाडी. वर्षातले चार आठवडे फिरायला मिळावेत म्हणून वेगळी मोटारहोम घेऊन ती उरलेलं वर्ष ताडपत्रीखाली ठेवणं इथल्या माणसाला परवडणारं नाही. त्याच गाडीवर दिवाळीनंतर खोली चढवून उमरठला तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपाशी, शिवथरघळीला किंवा प्रतापगडाच्या पायथ्याला वाडा कुंभरोशीत मुक्काम करता आला, तर तो खर्च पटण्यासारखा आहे.

चूक होते ती क्रमात. बहुतेक जण आधी गाडी पसंत करतात, तिच्यावर प्रेम बसतं, मग तिच्या हौद्यात मावेल अशी खोली शोधतात. व्हायला हवं नेमकं उलटं. आधी खोली ठरवा, ती भरून किती वजनाची होते ते काढा आणि तेवढा भार सुखाने वाहणारी गाडी शोधा. अमेरिकेत एक-टनी म्हणवल्या जाणाऱ्या फोर्ड एफ-३५० किंवा रॅम ३५०० या गाड्या मागे जोडटायर लावून मिळतात आणि प्रत्यक्षात अडीच-तीन टन वाहतात, तरी तिथले जाणकारही हाच क्रम सांगतात. आपल्याकडच्या गाड्या त्याहून लहान, म्हणून हिशेब अधिक चोख हवा.

हिशेब किचकट नाही. गाडीच्या आरसीवर दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन. दुसऱ्यातून पहिला वजा केला की जे उरतं, त्यात खोली, पाणी, सामान आणि केबिनमधली माणसं, सगळं बसलं पाहिजे. लोखंडी सांगाडा, प्लायवूड आणि उष्णतारोधक पॅनल वापरून बनवलेली आठ-नऊ फुटांची साधी खोली ९०० किलोची धरू. शंभर लिटर पाणी म्हणजे १०० किलो. घरगुती गॅस सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, पण टाकीसकट तो तीस किलोच्या आसपास जातो. इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी ६० किलो. अंथरूण, भांडी, शिधा, कपडे, हत्यारं मिळून १५० किलो. तीन माणसांचे २०० किलो. बेरीज झाली १४४० किलो. एवढं करून अजून कुणी छपरावर सोलर पॅनल घातलेलं नाही, मागे सायकल अडकवलेली नाही. आणि ठरवलेल्या वजनापेक्षा खोली हलकी झाली असं कुठल्याही बॉडीवाल्याकडे सहसा होत नाही, ती जडच होते.

आता गाड्यांकडे बघू. जाहिरातीत डोंगर चढताना दिसणाऱ्या डबल केबिनच्या गाड्या, म्हणजे २०१६ पासून मिळणारी इसुझू व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये आलेली टोयोटा हायलक्स, ताकदीने दणकट आहेत. हायलक्सचं २.८ लिटरचं डिझेल इंजिन घाटात दम लागू देत नाही. पण भारतात त्यांना मंजूर असलेला भार अर्ध्या टनाच्या आत आहे आणि हौदा जेमतेम पाच फुटांचा. वरच्या हिशेबातली खोली त्यांच्यावर चढवणं म्हणजे नवीकोरी गाडी पहिल्याच दिवशी ओव्हरलोड करणं. ज्यांना तीच हवी, त्यांनी हौद्यावरचा तंबू घ्यावा आणि समाधानाने फिरावं.

खरी निवड होते ती मालवाहू पिकअपमध्ये. महिंद्रा बोलेरो पिकअपची १.७ टनी गाडी आपल्या रस्त्यांवर सगळ्यात जास्त दिसते. तिचे पाटे, क्लच प्लेट, ब्रेक लायनर पोलादपूरपासून कुठल्याही दिशेला तासाभरात मिळतात. हा फायदा कागदावरच्या अश्वशक्तीपेक्षा मोठा आहे. एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या बोलेरो मॅक्स पिकअपच्या एचडी मालिकेत दोन टनांपर्यंत भार मंजूर आहे. टाटाची योद्धा २.० सप्टेंबर २०२२ मध्ये आली, तीही दोन टनांची, २.२ लिटर डिझेलची. माझ्या मते १४४० किलोच्या भारासाठी १.७ टनी गाडी ही खालची मर्यादा आहे आणि घाटात राहणाऱ्याने दोन टनीच घ्यावी. मंजूर भाराच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास राहिलं तर पाटे, टायर, ब्रेक सगळ्यांनाच श्वास घ्यायला जागा राहते. कुटुंब मोठं असेल आणि खोली दोन टनांकडे सरकत असेल तर पिकअपचा हट्ट सोडून टाटा ४०७ च्या वर्गात जावं. परवान्याची अडचण येत नाही. साडेसात हजार किलोपर्यंतचं वाहन हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर चालवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे.

इथे आणखी एक बचत आहे. बऱ्याच पिकअप हौद्याशिवाय, फक्त केबिन आणि चासी अशाही मिळतात. कंपनीचा लोखंडी हौदा अंगावर घेऊन त्यात पुन्हा खोली ठेवायची तर हौद्याचं वजन फुकट वाहिलं जातं. चासीवर हलका सपाट प्लॅटफॉर्म आणि काढते फाळके बसवले तर आंबाही वाहता येतो आणि खोलीही सरळ बसते. मात्र अशा गाडीची बॉडी नोंदणीआधी मंजूर करून घ्यावी लागते.

वजन किती, याइतकंच वजन कुठे, हे महत्त्वाचं. बैलगाडीत भारा मागे रचला की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं, हे जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. पिकअपचंही तसंच. खोलीचा भारमध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे पडला पाहिजे. तो मागे गेला तर पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग हातात पोकळ लागतं, आणि ब्रेक लावल्यावर ज्या चाकांनी सर्वांत जास्त काम करायचं त्यांचीच रस्त्यावरची पकड कमी होते. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा नियमांत यासाठी वेगळं कलम आहे. अशी खोली वाहू शकणाऱ्या पिकअपच्या उत्पादकाने भारमध्य कुठल्या पट्ट्यात हवा, ते आकृतीसह मालकाला सांगावंच लागतं. आपल्याकडे ती आकृती मिळत नाही. ती आपली आपण काढायची, आणि त्यासाठी वजनकाटा पुरतो.

रिकामी गाडी काट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं प्लॅटफॉर्मवर घ्या आणि आकडा लिहून ठेवा. मग पूर्ण गाडी घ्या. नंतर खोली चढवून, पाण्याची टाकी काठोकाठ भरून, माणसं बसवून हेच पुन्हा करा. पुढच्या चाकांवरचं वजन थोडं वाढलेलं दिसलं तर खोली जागेवर आहे. ते होतं त्यापेक्षा कमी झालं तर खोली मागे पडली आहे, मग मागचं ओव्हरहँग कितीही देखणं असलं तरी ती पुढे सरकवा. पाण्याची टाकी, बॅटरी, सिलिंडर यांसारख्या जड वस्तू केबिनकडच्या भिंतीशी, तळाला ठेवा. बॉडीवाल्याला आराखडा देतानाच हे सांगायला हवं, कारण एकदा ओटा मागे बसला की टाकीही त्याच्या मागे जाते.

उंचीचं तेवढंच. हौद्याचा तळ जमिनीपासून अडीच फुटांवर, त्यावर सव्वासहा फुटांची खोली, म्हणजे छप्पर पावणेनऊ फुटांवर जातं. आंबेनळीच्या वळणांवर एवढी उभी पेटी गाडीला बाहेरच्या बाजूला खेचते, वरंध्याच्या घाटमाथ्यावर वाऱ्याचा झोत आडवा लागतो, आणि गावात शिरताना फांद्या नि लोंबत्या वायरी आड येतात. म्हणून चालताना खाली बसणारं आणि मुक्कामाला वर उचलणारं छप्पर मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. त्याचे सांधे मात्र नीट हवेत. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि कापडी बाजूंचं छप्पर तो सोसणार नाही. अशी खोली जूनमध्ये उतरवून शेडमध्ये ठेवायची.

घाट चढणं हा इंजिनाचा प्रश्न आहे आणि तो आजच्या टर्बो डिझेलने बराचसा सोडवला आहे. भीती उतरण्याची असते. तीन टनांची गाडी महाबळेश्वरहून पोलादपूरला येताना जेवढी उंची गमावते, तेवढी सगळी ऊर्जा उष्णता होऊन कुठेतरी जायला हवी. ती ब्रेकमध्ये गेली तर लायनर तापतात, ब्रेक ऑइलमध्ये ओलावा शिरलेला असेल तर ते उकळतं, आणि पेडल तळाला लागतं. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये, बहुधा दुसऱ्यात, उतरायचं आणि इंजिनाला गाडी धरू द्यायची. न्यूट्रल करून डिझेल वाचवणं हा जिवाशी खेळ आहे. जुलै २०१८ मध्ये याच आंबेनळीत दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली आणि तीसहून अधिक माणसं गेली. त्या घाटातून राहतं घर घेऊन जाणाऱ्याने ब्रेक ऑइल दरवर्षी बदलावं, पहिल्या फेरीत वाड्यापर्यंतच जावं आणि खाली आल्यावर चाकांजवळ हात नेऊन चारही ड्रम-डिस्क सारखेच तापलेत का ते पाहावं. एकच चाक जास्त तापलं असेल तर ते दुरुस्त झाल्याशिवाय दुसरी फेरी नको.

टायरच्या बाजूवर भारांक छापलेला असतो. १०४ म्हणजे एका टायरला ९०० किलो, १०९ म्हणजे १०३० किलो. काट्यावर निघालेलं मागच्या अ‍ॅक्सलचं वजन दोनाने भागून हा आकडा ताडून पाहा. भार कमी पडतो म्हणून जादा पाटे घालून घेण्याची आपल्याकडे सवय आहे. त्याने गाडी बसत नाही हे खरं, पण ब्रेक, हब, चासी आणि टायर होते तेवढेच राहतात. चार चाकांची ओढ असलेली गाडी हवी का, असंही लोक विचारतात. ओल्या गवताच्या माळावर ती कामी येते. पण तिच्यासाठी भाराचे दोनशे किलो सोडावे लागत असतील तर मी भार निवडेन.

कायद्याची बाजू आधीच समजून घ्यावी. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे, आणि राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. उतरवता येणारी खोली मात्र यांपैकी कशातच सरळ बसत नाही. म्हणून खोली बनवण्याआधी आराखडा घेऊन पेणच्या आरटीओत जावं आणि काय चालेल ते लेखी घ्यावं. गाडी चालू असताना मागच्या खोलीत कुणीही बसायचं नाही. ओव्हरलोडला वीस हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. खोली पत्र्याच्या हुकांना दोरीने बांधायची नाही, चासीला बसवलेल्या कड्यांना चारही कोपऱ्यांत टर्नबकलने आवळायची, आणि पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरनंतर थांबून पुन्हा आवळायची.

मुक्कामाची जागा निवडताना २२ जुलै २०२१ आठवावा. त्या पावसात महाड बुडालं, तळियेत डोंगर खाली आला, पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळेत माणसं गेली. नदीकाठची सपाट जागा आणि उभ्या उताराखालची मोकळी जागा पावसाळ्यात मुक्कामाला वर्ज्यच.

जुनी पिकअप घेणार असाल तर गाडी पिटवर न्या. मागच्या पाट्यांची पानं मोजा, नंतर घातलेलं पान वेगळ्या रंगाचं आणि कमी झिजलेलं दिसतं. केबिनमागे चासी जिथे वळते तिथे टॉर्च मारून वेल्डिंगचा सांधा किंवा जादा पट्टी आहे का ते पाहा. खोलीचा सगळा ताण तिथेच येतो. तिथे जोड दिसला तर गाडी कितीही स्वस्त असली तरी खोलीसाठी ती घेऊ नका.