विद्यापीठाचे दप्तर : कोणासाठी उघडे, कोणासाठी बंद

विद्यापीठ म्हटले की ग्रंथालये, प्रयोगशाळा आणि व्याख्यानगृहे यांचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु प्रशासनाच्या दृष्टीने विद्यापीठ हे एक प्रचंड दप्तरही असते. प्रवेशअर्ज, जातीचे व उत्पन्नाचे दाखले, वसतिगृहाच्या नोंदी, आरोग्य केंद्रातील केसपेपर, उत्तरपत्रिका, गुणपत्रके, अध्यापकांची सेवापुस्तके, निवड समित्यांची इतिवृत्ते, निविदा आणि देयके या सर्वांचा तेथे सतत संचय होत असतो. विद्यार्थी तीन किंवा पाच वर्षे विद्यापीठात असतो. त्याच्याविषयीची नोंद मात्र पुष्कळदा त्याच्या हयातीपलीकडेही तेथे राहते. या दप्तरावर दोन प्रकारचे हक्क सांगितले जातात. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेचा कारभार पाहण्याचा हक्क नागरिकास आहे; आणि ज्याच्याविषयी ती नोंद आहे, त्यास आपले खाजगी जीवन चव्हाट्यावर येऊ नये असे म्हणण्याचा हक्क आहे. हे दोन्ही हक्क सांभाळण्याचे काम ज्याच्याकडे सोपविलेले असते, त्या अधिकाऱ्यास आपल्याकडे ‘जन माहिती अधिकारी’ असे म्हणतात.

भारताचा माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आला. संसदेच्या किंवा राज्य विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेले प्रत्येक विद्यापीठ या अधिनियमाच्या अर्थाने ‘सार्वजनिक प्राधिकरण’ ठरते. जन माहिती अधिकाऱ्याचे पद स्वतंत्र असतेच असे नाही. बहुधा एखाद्या उपकुलसचिवाकडे किंवा सहायक कुलसचिवाकडे त्याच्या नेहमीच्या कामाखेरीज ही जबाबदारी येते. अर्ज आल्यापासून ३० दिवसांत त्याने माहिती द्यावी अथवा कारणे देऊन नाकारावी. माहिती कोणाच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर ही मुदत ४८ तासांची. अर्जदारास माहिती कशासाठी हवी, हे विचारण्याचा अधिकार त्याला नाही. वाजवी कारणावाचून विलंब केल्यास माहिती आयोग त्याला दररोज २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये, इतका दंड करू शकतो. आणि हा दंड विद्यापीठाच्या तिजोरीतून नव्हे, तर त्या अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून जातो. भारतीय प्रशासनात वैयक्तिक उत्तरदायित्वाची इतकी रोखठोक तरतूद क्वचितच आढळते.

तथापि माहिती त्या अधिकाऱ्याच्या हाती असतेच कोठे? उत्तरपत्रिका परीक्षा विभागाकडे, सेवापुस्तके आस्थापना शाखेकडे, देयके वित्त विभागाकडे आणि जुनी नोंदवही तळघरातील एखाद्या लोखंडी कपाटात. कायदा करणाऱ्यांनी ही अडचण ओळखली होती. जन माहिती अधिकाऱ्याने ज्याचे साहाय्य मागितले, तो अधिकारीही त्या प्रकरणापुरता जन माहिती अधिकारीच समजला जातो आणि दंडासही पात्र ठरतो. एवढे असूनही तीस दिवसांतील बरेचसे दिवस विभागाविभागांत स्मरणपत्रे पाठविण्यात जातात, हे कोणत्याही कार्यालयाची आवक-जावक नोंदवही चाळली तर दिसून येईल.

विद्यापीठाकडे येणाऱ्या अर्जांत सर्वांत जिव्हाळ्याचा विषय उत्तरपत्रिकेचा. या अधिनियमापूर्वी तपासलेली उत्तरपत्रिका परीक्षार्थीच्या दृष्टीस सहसा पडत नसे. फार तर गुणांची बेरीज पुन्हा करून मिळे. कलकत्ता विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने आपली स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्यास मागितली. विद्यापीठाने ती नाकारली. कलकत्ता उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशाने २००८ मध्ये, आणि खंडपीठाने २००९ मध्ये, विद्यार्थ्याच्या बाजूने निर्णय दिला. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अशाच एका प्रकरणात ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचा सविस्तर ऊहापोह केला.

परीक्षा घेणाऱ्या संस्थांचा मुख्य युक्तिवाद असा होता की, उत्तरपत्रिका आपल्याकडे विश्वासाश्रित संबंधातून आलेली आहे, आणि अशा संबंधातून हाती आलेली माहिती देण्याचे बंधन कायद्याने घातलेले नाही. न्यायालयाने हा युक्तिवाद मोठ्या मार्मिकपणे त्यांच्यावरच उलटविला. विश्वासाचा संबंध असलाच, तर तो परीक्षार्थीशी आहे. विश्वस्ताने ठेव तिऱ्हाइतास दाखवू नये हे खरे. पण ज्याची ठेव आहे त्याच्यापासूनच ती लपविण्याचे कारण काय? यास्तव परीक्षार्थीस स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा व तिची प्रत घेण्याचा हक्क आहे. दुसऱ्यास ती दाखविण्याचे बंधन नाही. त्याचबरोबर परीक्षक, समन्वयक व छाननी करणारे यांची नावे किंवा त्यांची ओळख पटेल असा मजकूर झाकून अथवा काढून टाकूनच प्रत द्यावी, कारण नापास झालेल्या एखाद्या उमेदवाराचा रोष त्यांच्यावर ओढवू शकतो, असेही न्यायालयाने सांगितले. उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क म्हणजे ती पुन्हा तपासून घेण्याचा हक्क नव्हे, हेही त्याने स्पष्ट केले.

या निर्णयातील तत्त्व नीट ध्यानात घेतले पाहिजे. उत्तरपत्रिका ‘खुली’ की ‘गोपनीय’, हा प्रश्नच मुळात चुकीचा ठरतो. एकच कागद परीक्षार्थीस खुला, तिऱ्हाइतास बंद, आणि त्याच कागदाच्या कोपऱ्यातील सही परीक्षार्थीसही बंद. अधिनियमाच्या कलम १० मध्ये हेच सूत्र सर्वसाधारण रूपात आले आहे : वगळण्याजोगा भाग विलग करता येत असेल तर उरलेला भाग दिलाच पाहिजे. संपूर्ण नस्ती ‘गोपनीय’ असा शेरा मारून परत करणे सोपे. एकेक पान उलटून एकेक ओळ पारखणे कष्टाचे. जन माहिती अधिकाऱ्याचे खरे काम हे दुसरे होय.

या कामात हाताचे कौशल्यही लागते. नाव काळ्या शाईने खोडून दिलेली प्रत उजेडासमोर धरली की नाव वाचता येते; म्हणून जाणता कारकून खोडलेल्या प्रतीची पुन्हा छायाप्रत काढतो आणि ती देतो. संगणकावरील दस्तऐवजात नावावर नुसता काळा चौकोन ठेवल्यास खालील अक्षरे तशीच राहतात आणि कोणालाही ती उचलून घेता येतात.

शुल्काचाही एक प्रश्न पुढे आला. केंद्राच्या नियमांनुसार अर्जासाठी १० रुपये आणि प्रत्येक पानास २ रुपये आकारले जातात. कंपनी सचिवांच्या संस्थेने मात्र उत्तरपत्रिकेच्या प्रतीस विषयागणिक ५०० रुपये ठेवले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये असा निर्णय दिला की, दोन्ही वाटा उमेदवारास मोकळ्या आहेत. माहितीच्या अधिकाराखाली मागणी केली तर त्या अधिकाराचेच शुल्क घ्यावे लागेल. ज्या विद्यापीठांच्या छायाप्रत योजनांचे दर याहून बरेच चढे आहेत, त्यांना हा निर्णय अर्थातच सोयीचा नव्हता.

उत्तरपत्रिकेत हक्क सांगणारा आणि नोंदीचा विषय असलेला माणूस एकच असतो. नेमणुकीच्या कागदात तसे नसते. न निवडला गेलेला उमेदवार विचारतो, ‘माझ्याहून अधिक गुण कोणाला आणि किती?’ यात दुसऱ्याची माहिती आली. कलम ११ अन्वये, त्या दुसऱ्याने माहिती गोपनीय म्हणून दिलेली असेल तर, ‘त्रयस्थ पक्ष’ म्हणून त्यास पाच दिवसांत नोटीस देऊन दहा दिवसांत म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. त्याचे म्हणणे विचारात घ्यायचे. पण तो नको म्हणतो एवढ्यावरून अर्ज फेटाळायचा नाही. पुणे जिल्हा न्यायालयातील कनिष्ठ लिपिकांच्या भरतीसंबंधी मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये असा निर्णय दिला की, सार्वजनिक भरतीत मिळालेले गुण उघड केल्याने कोणाच्या खाजगी बाबीत आगंतुक हस्तक्षेप होत नाही. उलट प्रक्रियेवरील विश्वास वाढतो. हे प्रकरण विद्यापीठाचे नसले तरी अध्यापकांच्या नेमणुकांबाबत हाच प्रश्न नेहमी उभा राहतो.

काही कागदांवर मात्र कायद्याने स्वतःच मोहोर लावली आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळासंबंधीच्या २०१३ च्या अधिनियमातील कलम १६ प्रमाणे तक्रारीतील मजकूर, पीडित महिला, प्रतिवादी व साक्षीदार यांची ओळख आणि चौकशीचे कामकाज माहितीच्या अधिकाराखालीही जाहीर करता येत नाही. वर्षभरात किती तक्रारी आल्या व किती निकालात निघाल्या, हे सांगता येते. पण येथेही एक सूक्ष्म धोका आहे. एखाद्या विभागात संशोधन करणाऱ्या विद्यार्थिनी चारच असतील, तर त्या विभागाची ‘एक तक्रार’ एवढा आकडासुद्धा बोट दाखविण्यास पुरेसा होतो. समंजस अधिकारी अशा वेळी संपूर्ण विद्यापीठाचा एकत्रित आकडा देतो. नाव न घेताही माणूस उघडा पडू शकतो, ही गोष्ट कायद्याच्या पुस्तकापेक्षा अनुभवातूनच अधिक कळते.

विद्यापीठाच्या जुन्या नोंदवह्यांचा प्रश्न सर्वाधिक गाजला तो दिल्लीत. दिल्ली विद्यापीठातून १९७८ साली बी. ए. परीक्षेस बसलेल्या सर्व विद्यार्थ्यांची नावे, वडिलांची नावे, बैठक क्रमांक, गुण व निकाल एका अर्जदाराने मागितले. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची पदवी त्याच वर्षाची असल्यामुळे या अर्जास राजकीय महत्त्व आले. केंद्रीय माहिती आयोगाने २१ डिसेंबर २०१६ रोजी नोंदवही पाहू देण्याचा आदेश दिला. दिल्ली उच्च न्यायालयाने त्यास जानेवारी २०१७ मध्ये स्थगिती दिली आणि २५ ऑगस्ट २०२५ रोजी तो आदेश रद्द ठरविला. गुण व पदवी ही वैयक्तिक माहिती असून विद्यापीठ ती विश्वासाने बाळगते, अशी न्यायालयाची भूमिका होती. दुसऱ्या बाजूचे म्हणणेही विचारात घेण्याजोगे आहे : पदवीदान समारंभात सर्वांसमक्ष दिली जाणारी आणि समाजास ‘हा मनुष्य पात्र आहे’ असे सांगणारी पदवी नुसती खाजगी कशी म्हणावी? पदवी मिळाली की नाही आणि विषयवार गुण किती पडले, या दोन माहितींमध्ये फरक करण्यास येथे वाव होता असे वाटते.

यांतील वैयक्तिक माहितीसंबंधीच्या विवादांचा आधार अधिनियमाच्या कलम ८(१)(ञ) मध्ये होता. मूळ शब्दयोजनेप्रमाणे वैयक्तिक माहिती तेवढ्याच कारणाने नाकारता येत नसे. तिचा सार्वजनिक कामकाजाशी संबंध नाही, किंवा ती दिल्याने खाजगी बाबीत आगंतुक हस्तक्षेप होईल, असे दाखवावे लागे. व्यापक लोकहित असल्यास तीही द्यावी लागे. शिवाय संसदेस जी माहिती नाकारता येणार नाही, ती नागरिकासही नाकारू नये, असा एक सुंदर परंतुक तेथे होता. दरम्यान २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने घोषित केले, आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम संमत झाला. त्या अधिनियमाच्या कलम ४४(३) ने कलम ८(१)(ञ) ची मूळ शब्दयोजना काढून ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती’ एवढेच शब्द ठेवले. हा बदल नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आला. तराजू गेला, परंतुकही गेले. मात्र कलम ८(२) शाबूत आहे : माहिती उघड करण्यातील लोकहित हे संरक्षित हितसंबंधांना होणाऱ्या हानीपेक्षा अधिक असेल, तर सार्वजनिक प्राधिकरण माहिती देऊ शकते.

‘द्यावी लागे’ आणि ‘देऊ शकते’ यांतील अंतर विद्यापीठाच्या कचेरीत बसून मोजले पाहिजे. एका पारड्यात अधिकाऱ्यावरील दिवसाचा २५० रुपयांचा दंड आहे. दुसऱ्या पारड्यात, विदेच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी न घेतल्यास संस्थेवर २५० कोटी रुपयांपर्यंत बसू शकणारा दंड आहे. त्यासंबंधीच्या तरतुदी नियम अधिसूचित झाल्यापासून अठरा महिन्यांनी लागू व्हावयाच्या, असे २०२५ मध्येच ठरले. हे दोन दंड वेगवेगळ्या अपराधांसाठी आहेत. माहितीच्या अधिकाराखाली सद्भावनेने माहिती देणाऱ्यास कलम २१ चे संरक्षणही आहे. परंतु भित्र्या मनाला हा भेद दिसत नाही. त्याला फक्त आकडे दिसतात. निवड समितीचे इतिवृत्त मागणाऱ्यास ‘यात व्यक्तींची नावे आहेत’ एवढे एका ओळीचे उत्तर देण्याचा मोह आता वाढणार, यात शंका नाही. विद्यापीठातील कोणता कागद असा आहे, की ज्यात कोणाचेच नाव नाही?

नव्या अधिनियमाने अधिकाऱ्यापुढे आणखी एक काम ठेवले आहे, आणि ते अर्ज येण्याची वाट पाहत नाही. अठरा वर्षांखालील व्यक्ती या कायद्याच्या दृष्टीने बालक होय. पदवीच्या प्रथम वर्षास प्रवेश घेणारे कित्येक विद्यार्थी सतरा वर्षांचे असतात. तेव्हा प्रवेशअर्जात काय विचारावे, त्यातील कशास पालकांची संमती लागेल, आणि निकाल लागल्यावर नाव, जन्मदिनांक व भ्रमणध्वनी असलेल्या याद्या फलकावर का लावाव्यात, याचा विचार त्याने विभागप्रमुखांबरोबर आधीच करावयास हवा. नोंदी सूचीबद्ध ठेवाव्यात आणि सतरा प्रकारची माहिती आपण होऊन प्रसिद्ध करावी, हे तर कलम ४ ने २००५ सालीच सांगितले होते. ती नीट प्रसिद्ध झाली तर निम्मे अर्ज येणारच नाहीत, असे अधिकारी एकमेकांना सांगतात. आणि तरीही ते काम मागे पडते.

उत्तरपत्रिका किती काळ जतन करावी, याचा नियम प्रत्येक परीक्षा संस्थेचा असतो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या २०११ मधील प्रकरणात तो तीन महिन्यांचा होता, आणि जोवर कागद अस्तित्वात आहे तोवरच तो पाहण्याचा हक्क, असे न्यायालयाने म्हटले. म्हणून दक्ष जन माहिती अधिकारी अर्ज हाती पडताच पहिले पत्र अर्जदारास लिहीत नाही. तो परीक्षा विभागास कळवितो की, अमुक बैठक क्रमांकाची उत्तरपत्रिका रद्दीच्या गठ्ठ्यातून बाजूला काढून ठेवावी.