सरकारला तुमच्या फोनमधलं नेमकं काय दिसतं?

‘व्हॉट्सॲप तर एनक्रिप्टेड आहे, मग सरकार वाचणार कसं?’ हा प्रश्न मला मित्रांपासून काकांपर्यंत सगळे विचारतात. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, वकील नाही. पण सोपं करून सांगतो.

आधी कायदा बघू. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली सरकार कुठल्याही कॉम्प्युटरमधली माहिती बघायचा आदेश देऊ शकतं. २० डिसेंबर २०१८ला केंद्रीय गृह मंत्रालयाने त्यासाठी १० यंत्रणांची यादी काढली. त्यात आयबी, ईडी, सीबीआय वगैरे आहेत. आदेश साधारणपणे गृह सचिव काढतात. तो ६० दिवस चालतो, वाढवत वाढवत १८० दिवसांपर्यंत जातो. नंतर तपासणारी समितीसुद्धा सचिवांचीच. न्यायाधीश यात कुठेच नाही.

आता तांत्रिक भाग. माहिती तीन ठिकाणी हाती लागू शकते.

एक, वाटेत. तुमच्या नेट कंपनीला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते बहुतेक वेळा कळतं, पण एचटीटीपीएस असेल तर आत काय वाचलंत ते कळत नाही. पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतलं पत्र नाही.

दोन, ॲपच्या कंपनीकडे. मेसेजचा मजकूर त्यांना वाचता येत नाही, पण कोण, कधी, कोणाशी बोललं याची काही माहिती असते. आणि चॅटचा क्लाउड बॅकअप? तो एनक्रिप्ट करायची सोय २०२१मध्ये आली, पण ती आपण स्वतः चालू करावी लागते.

तीन, थेट फोनमध्ये. पेगॅसससारखं स्पायवेअर एनक्रिप्शन तोडत बसत नाही, स्क्रीनवर उघडलेलंच वाचतं. कुलूप कितीही भारी असो, चोर आधीच घरात बसलेला! २०२२मध्ये सुप्रीम कोर्टाच्या समितीने २९ फोन तपासले. पाचांत मालवेअर सापडलं, पण ते पेगॅससच होतं असं ठामपणे सिद्ध झालं नाही. सरकारने सहकार्य केलं नाही, असंही समितीने नोंदवलं.

मग करायचं काय? फोनचे अपडेट लगेच टाका. बॅकअप एनक्रिप्ट करा. संवेदनशील काम करणारा पत्रकार किंवा वकील असाल आणि आयफोन वापरत असाल, तर लॉकडाउन मोड चालू करा. व्हीपीएन म्हणजे जादू नाही, विश्वास फक्त नेट कंपनीकडून व्हीपीएन कंपनीकडे जातो. सर्ट-इनच्या २०२२च्या निर्देशांनुसार त्यांनाही ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवावी लागते.

पण सेटिंग बदलून सगळं सुटत नाही. २०१९मध्ये मुंबई हायकोर्टाने एका व्यावसायिकाच्या फोन टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. आधार होता २०१७चा पुट्टस्वामी निकाल, ज्यात नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. पण त्या माणसाला दाद मागता आली, कारण खटल्यात ती संभाषणं पुढे आली. ज्याच्यावर खटलाच होत नाही, त्याला कोणी कळवत नाही. आणि जे माहीतच नाही, त्याविरुद्ध कोर्टात जाणार कसं?

गुन्हेगार पकडायला पाळत लागते, मान्य. मागणी एवढीच, की आदेशावर न्यायाधीशाची नजर असावी आणि तपास संपल्यावर त्या माणसाला कळवावं. आज घरी गेल्यावर बॅकअपचं सेटिंग तेवढं बघा. भेटू पुढच्या भागात!