प्राण्यांच्या ऊतींतील फॉस्फटेज विकरे व त्यांचे क्रियाधार

पेशींतील अनेक रेणूंना फॉस्फेटचा गट जोडलेला असतो. पाण्याच्या साहाय्याने हा गट वेगळा करणाऱ्या विकरांना फॉस्फटेज म्हणतात. विकर ज्या पदार्थावर क्रिया करते, तो त्याचा क्रियाधार होय. नाव एक असले तरी या विकरांचे कार्य ऊतीप्रमाणे व क्रियाधाराप्रमाणे बदलते.

काही फॉस्फटेज विकरांची निवड काटेकोर असते. यकृतातील ग्लुकोज-६-फॉस्फटेज मुख्यतः ग्लुकोज-६-फॉस्फेटवर क्रिया करून रक्तात साखर सोडते. स्नायूंत हे विकर नसल्याने तेथील साठ्यातून रक्ताला थेट साखर मिळत नाही. फॉन गिर्के या आनुवंशिक रोगात यकृतात या विकराचा अभाव असतो, हे कार्ल व गर्टी कोरी यांनी १९५२ मध्ये दाखविले. अशा बालकाची रक्तशर्करा थोड्याशा उपवासानेही धोकादायक पातळीपर्यंत उतरते.

याउलट अल्कलाइन फॉस्फटेज अनेक क्रियाधारांवर कार्य करते. ते यकृत, हाडे, आतडे, मूत्रपिंड व वार यांत आढळते. सुमारे ९ ते १० सामू असताना प्रयोगशाळेत त्याची क्रिया वेगाने होते. तेथे पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट हा रंगहीन पदार्थ वापरतात. फॉस्फेट सुटताच द्रावण पिवळे होते. परंतु हा पदार्थ शरीरात नसतो. मग या विकराचे तेथील खरे कार्य कोणते?

हाडांच्या जडणघडणीशी या विकराचा संबंध रॉबर्ट रॉबिसन यांनी १९२३ मध्ये दाखविला. पुढे १९४८ मध्ये वर्णिलेल्या हायपोफॉस्फटेशिया या रोगाने त्यावर अधिक प्रकाश पडला. त्यात विकर कमी पडते, पायरोफॉस्फेट साचते आणि हाडांत कॅल्शियमचे क्षार नीट बसत नाहीत. म्हणजेच पायरोफॉस्फेट हा त्याचा एक नैसर्गिक क्रियाधार होय.

रक्ततपासणीच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. नेहमीच्या चाचणीत यकृताचे व हाडांचे विकर सारखाच पिवळा रंग देतात. पित्तमार्गातील अडथळ्याने आकडा वाढतो, तसाच तो वाढत्या वयातील निरोगी मुलांत व गर्भवतीतही वाढलेला असतो. सोबत गॅमा-जीटी वाढले असल्यास कारण बहुधा यकृत वा पित्तमार्गात असते. म्हणून केवळ आकडा पाहून रोगाचे निदान करू नये. विकर कोणत्या ऊतीतून आले, हे आधी ठरवावे.