आकडा घटला, कॅमेरा सुधारला

ब्रिटिश काळापासून कापसासाठी ओळखल्या जाणाऱ्या धरणगावात भर दुपारी उन्हात पडलेला पांढराशुभ्र ढीग आणि शेजारच्या पत्र्याच्या सावलीत उभा असलेला मजूर, असे दृश्य लहान डिजिटल कॅमेऱ्याची खरी परीक्षा घेते. मजुराचा चेहरा उजळ घ्यावा, तर कापसाचा नुसता पांढरा डाग होतो. कापूस राखावा, तर चेहरा काळवंडतो. नवा कॅमेरा जुन्यापेक्षा सरस आहे काय, हे ठरविण्यास खोक्यावरील मेगापिक्सेलच्या आकड्यापेक्षा अशी दृश्ये अधिक उपयोगी पडतात.

याचे बोलके उदाहरण कॅननच्या 'पॉवरशॉट जी' मालिकेत सापडते. २००८ मधील 'जी-१०' हा १४.७ मेगापिक्सेलचा, म्हणजे सुमारे १ कोटी ४७ लाख बिंदूंचा कॅमेरा होता. पुढच्याच वर्षी आलेल्या 'जी-११' मध्ये कंपनीने हा आकडा चक्क १० वर आणला. भिंग तेच, पाच पट झूमचे. प्रकाश टिपणाऱ्या संवेदकाचा आकारही तितकाच, अवघ्या नखाएवढा; घडण मात्र नवी. तेवढ्याच जागेत बिंदू कमी झाल्याने प्रत्येकाच्या वाट्याला जवळपास दीडपट जागा आली. जागा अधिक, तर प्रकाश अधिक. हळदीच्या मांडवात ट्यूबलाइटच्या उजेडात काढलेल्या छायाचित्रांवर रंगीत दाणे पडतात, ते यामुळे कमी झाले. संवेदनशीलतेची, म्हणजे आयएसओची कमाल मर्यादा १६०० वरून ३२०० झाली.

मग बारकावे गेले काय? थोडे गेले. स्वच्छ उन्हात, कमी आयएसओवर 'जी-१०' आजही अधिक तपशील देतो. परंतु 'जी-११' चे छायाचित्र ३६४८ बाय २७३६ बिंदूंचे असते. अल्बममधील ८ बाय १२ इंची प्रतीस इंचाला ३०० बिंदू लागतात, ते त्यातून सहज मिळतात. पडदा ३ इंचांवरून २.८ इंचांवर आला, पण तो फिरणारा झाला. चित्रफितीत मात्र काहीच प्रगती नव्हती. एचडी चित्रण २०१० च्या 'जी-१२' मध्ये आले.

जुन्या बाजारात दोन्ही हाताळायला मिळाले, तर एकाच जागेवरून, समान आयएसओवर छायाचित्रे काढावीत आणि ती एकाच आकारात छापून पाहावीत. संगणकावर पूर्ण मोठी करून तुलना केल्यास अधिक बिंदूंच्या कॅमेऱ्यावर विनाकारण अन्याय होतो.

उलट उदाहरणही आहे. २०१६ चा 'पॉवरशॉट एल्फ ३६० एचएस' कॅननने २०२५ मध्ये नावापुढे 'ए' जोडून पुन्हा आणला. २०.२ मेगापिक्सेल आणि बारा पट झूम तसेच राहिले. एसडी कार्डाऐवजी मायक्रोएसडी आले. घरी जुना चालू स्थितीत असेल, तर नव्यासाठी खिशात हात घालण्याचे कारण दिसत नाही.