पुस्तकं बांधणारा गुरू

खाडीपलीकडची माणसं : भाग सातवा

गेल्या आठवड्यात आपण बाणकोटच्या किल्ल्याशी थांबलो होतो. १७५५ साली इंग्रजांनी तो घेतला आणि सावित्रीच्या मुखाशी ठाण मांडलं, इथपर्यंत. आज तीच खाडी ओलांडायची आहे. वेशवीला फेरीबोटीत चढायचं, बागमांडल्याला उतरायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं वर निघायचं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, रेवदंडा, अलिबाग. वाटेत गावांच्या पाट्या वाचत गेलं, की ठाण्या-मुंबईच्या आणि पार इस्राएलमधल्या घरांवरची आडनावं समोर येतात. दिवेआगरचे दिवेकर, गालसुऱ्याचे गालसूरकर, राजपुरीचे राजपूरकर, किहीमचे किहीमकर. आपल्याला मंडणगडकरांना याचं नवल नाही. आपल्याच तालुक्यातल्या आंबडव्याचे ते आंबडवेकर, आणि त्या घरातल्या मुलानं पुढे देशाला राज्यघटना दिली. कोकणी माणूस कुठल्याही धर्माचा असो, गाव नावाला बांधूनच बाहेर पडतो.

ही आडनावं बेने इस्राएलांची, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंची. फार पूर्वी नौगावजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांच्यापासून आपण झालो, असं ते सांगत आले. गावागावात त्यांचा धंदा तेलाचा. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणायचे. मराठी बोलायचे, बायका लुगडं नेसायच्या, घरात तांदूळ, नारळ, मासळी. मासळीत मात्र खवले आणि पर असलेलीच चालायची. मुलाची सुंता आठव्या दिवशी व्हायची. सणांची नावंसुद्धा आपल्या घरातली वाटावीत अशी: नव्याचा सण, खिरीचा सण, दरफाळणीचा सण, बिरड्याचा रोजा. नवस बोलायचा तो एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याला, आणि फेडताना ताटात पोहे, खोबरं, गूळ आणि फळं घालून मलिदा करायचा.

पण पुस्तक नव्हतं. हा मुद्दा मला या सगळ्या इतिहासात सर्वात महत्त्वाचा वाटतो. हिब्रू अक्षर वाचता येणारं माणूस गावात नव्हतं. ‘शेमा’ ही देव एकच असल्याची प्रार्थना तेवढी तोंडपाठ होती, आणि लग्न असो, बारसं असो की मयत, तीच म्हटली जायची. शतकानुशतकं एका समाजानं आपला धर्म अंगवळणावर टिकवला, स्वयंपाकघरात टिकवला, आठवड्यातल्या एका बंद घाण्यावर टिकवला. पुढे कोचीनहून डेव्हिड राहाबी नावाचा गृहस्थ आला, त्यानं हे लोक कोण ते ओळखलं, तीन घराण्यांतल्या माणसांना शिकवून तयार केलं आणि त्यांना काजी म्हणू लागले, अशी परंपरा आहे. त्यांच्यामुळे गावोगावी विधी चालू राहिले.

आता ज्यू धर्मात पुस्तक म्हणजे काय, ते थोडं समजून घ्यायला हवं. तोरा हा मूळ ग्रंथ, मोशेचे पाच भाग. पण तोरा वाचली म्हणजे रोज कसं वागायचं ते कळतं असं नाही. शब्बाथला, म्हणजे शनिवारी, काम करू नये, पण काम म्हणजे नेमकं काय? दिवा लावणं काम आहे का? ओझं उचलणं? घटस्फोट लिहून द्यायचा तर कोणत्या शब्दांत? अशा प्रश्नांवर पिढ्यानपिढ्या जी तोंडी चर्चा झाली, ती इसवी सन २००च्या सुमाराला यहूदा हानासी या आचार्यानं ‘मिश्ना’ म्हणून लावून ठेवली, सहा विभागांत आणि त्रेसष्ट प्रकरणांत. मग बाबिलोनमधल्या पाठशाळांनी त्या मिश्नेवर आणखी तीनेकशे वर्षं वाद घातला. मिश्ना आणि तो वाद मिळून तालमुद.

आपल्याकडे मूळ सूत्र, त्यावर भाष्य, भाष्यावर टीका अशी रचना असते, तिची सवय असलेल्या माणसाला तालमुदाचं पान परकं वाटणार नाही. छापील पानाच्या मधोमध मूळ मजकूर. त्याच्या आतल्या अंगाला, बांधणीच्या बाजूला, अकराव्या शतकातल्या राशीचं भाष्य. बाहेरच्या अंगाला पुढच्या पंडितांचे आक्षेप. कडेला आणखी बारीक टिपा. पाच-सातशे वर्षांच्या अंतरानं जगलेली माणसं एकाच पानावर एकमेकांशी भांडत बसलेली असतात, आणि ज्याचं मत मान्य झालं नाही त्याचंही मत तिथे नावानिशी जपलेलं असतं. हे वाचायला एकट्यानं बसायचं नाही, जोडीदार घ्यायचा आणि मोठ्यानं वाद घालत वाचायचं, असा शिरस्ता आहे. बाबिलोनी तालमुदाची अशी २,७११ पानं आहेत, दोन्ही बाजूंनी छापलेली. १९२३ साली पोलंडमधल्या मेयर शापिरो या रब्बीनं, म्हणजे ज्यू धर्मगुरूनं, रोज एक पान वाचण्याची टूम काढली. तेव्हापासून जगभर लोक साडेसात वर्षांत एक फेरी पुरी करतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पानाला बसतात. एकादशीची वारी चुकू न देणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

या अफाट परंपरेचा एक धागा कोकणात पोचला, तो कुणा मोठ्या पंडिताच्या पालखीतून पोचला नाही. १८३६ साली कोचीनहून शेलोमो सालेम शुर्राबी नावाचा माणूस मुंबईला आला. गलबत फुटून तो इथल्या किनाऱ्याला लागला, असं बेने इस्राएलांच्या इतिहासात सांगितलं जातं. ज्या समाजाची मूळकथाच फुटलेल्या गलबताची, त्याच्या दारात गुरूही तसाच ओल्या कपड्यांनी यावा, हे मला प्रत्येक वेळी नव्यानं भिडतं. हातात होता तो पुस्तकं बांधण्याचा धंदा. डोक्यात होती कोचीनच्या ज्यूंची शतकांची परंपरा: तोरा कुठल्या सुरात वाचायची, सणाला कोणती प्रार्थना कुठून सुरू करायची, तालमुदी नियमाप्रमाणे विधी कसा करायचा.

मुंबईच्या बेने इस्राएलांनी त्याला हाजान नेमलं. हाजान म्हणजे प्रार्थना चालवणारा. वर्षाला शंभर रुपये ठरले. एवढ्यावर घर चालणं कठीण, म्हणून दिवसा पुस्तकबांधणी चालूच राहिली. ज्याला धर्मग्रंथातली शंका असेल त्यानं केव्हाही यावं, शुर्राबी समजावून सांगायचा, अशी त्याची ख्याती.

पुस्तकबांधणी म्हणजे काय काम, ते मी लहानपणी जवळून पाहिलंय. आमच्या शाळेच्या वाचनालयातली फाटकी पुस्तकं दुरुस्त करायला उन्हाळ्याच्या सुट्टीत एक म्हातारे गृहस्थ येत. व्हरांड्यात पोतं अंथरून बसायचे. आधी जुना पुठ्ठा सोडवायचा, वाळलेली खळ पाण्याचा हात लावून खरवडायची. मग एकेक जुज, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांचा गठ्ठा, मोकळा करायचा, घडी नीट लावायची, दाभणानं भोकं पाडायची आणि मेण लावलेल्या दोऱ्यानं जुजबंदी करायची. खळीत चिमूटभर मोरचूद, कसर लागू नये म्हणून. सगळ्यात वेळ जायचा तो पानं लावण्यात. आकडे पुसले गेले असले तर ते पान वाचायचे, मागचं वाक्य पुढच्या पानावर जुळतंय का पाहायचे, आणि तेव्हाच दोरा ओढायचे. बांधणारा वाचणारा नसेल तर पुस्तक चुकीचं बांधलं जातं, हे मला तिथे कळलं. शुर्राबीच्या मांडीवर असेच जुज असणार, आणि समोर मुलं बसलेली, उजवीकडून डावीकडे अक्षर लावत.

ज्यूंच्या परंपरेत आचार्यानं हाताला धंदा ठेवावा, विद्येवर पोट जाळू नये, असा कटाक्षच होता. तालमुदातले योहानान चपला शिवायचे, यित्झाक लोहारकाम करायचे. गोरोबा मडकी घडवताना, सावतोबा मळा शिंपताना आणि नरहरी सोनार दागिना घडवताना ज्याला दिसतात, त्या मराठी माणसाला हे पटकन ओळखीचं वाटेल.

त्याच काळात हिब्रू शिकवायला दुसरेही तयार होते. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले आणि १८३२ साली त्यांनी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. मिशनच्या शाळांत बेने इस्राएलांची मुलं जाऊ लागली. शिकवणाऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता, तो त्यांनी लपवलाही नाही. मुलांनी अक्षर घेतलं, व्याकरण घेतलं, धर्म मात्र आपलाच ठेवला. याचं श्रेय मी त्या आयांना देतो, ज्यांनी पुस्तक नसताना शनिवार पाळला होता. आणि थोडं शुर्राबीला. मिशनच्या शाळेत शिकलेलं अक्षर घेऊन आपल्या मशिदीत जावं, तर तिथे ते आपल्या सुरात म्हणून दाखवणारा माणूस बसलेला होता.

मशीद हा शब्द मी चुकून लिहिला नाही. बेने इस्राएल आपल्या प्रार्थनालयाला मशीदच म्हणत. मुंबईतली जुनी मशीद १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधली. कंपनीच्या फौजेतला हा अंमलदार टिपूच्या कैदेतून सुटून आला होता. त्यानंतर चाळीसेक वर्षं कोकणात दुसरं प्रार्थनालय उभं राहिलं नाही. आणि मग शुर्राबीच्या हयातीत, पाठोपाठ, रेवदंडा १८४२, अलिबाग १८४८, पनवेल १८४९. भिंती गावकऱ्यांनी बांधल्या, पैसा त्यांचा. पण तोराची गुंडाळी पेटीतून काढून वाचणारा माणूस तयार झाल्याशिवाय भिंती बांधून करायचं काय? १८४६ साली मुंबईत हिब्रूबरोबर मराठी भाषांतर असलेली हग्गादा शिळाप्रेसवर छापून निघाली. वल्हांडणाच्या रात्री घरातल्या धाकट्यानं प्रश्न विचारायचा आणि मोठ्यांनी मिसरमधून सुटकेची गोष्ट सांगायची, त्याचं हे पुस्तक. आता ती गोष्ट आजीलाही कळत होती.

१७ एप्रिल १८५६ला शुर्राबी गेला. तेव्हा जोसेफ इझिकेल राजपूरकर हा तरुण बावीस वर्षांच्या आसपास होता. त्यानं पुढे विसाहून अधिक हिब्रू पुस्तकं मराठीत आणली आणि मुंबई विद्यापीठात हिब्रूचा परीक्षक झाला. समाजानं आणखी एक गोष्ट केली, जी जगातल्या दुसऱ्या कुठल्या ज्यूंनी केली नसेल: अब्राहाम आणि योसेफ यांची आख्यानं लावून, बुवा, टाळ आणि पेटीसकट मराठी कीर्तन सुरू केलं.

तालमुदाशी या समाजाचा हिशेब मात्र इतक्यानं मिटला नाही. १९४८ नंतर हजारो बेने इस्राएल इस्राएलला गेले. तिथल्या काही रब्बींनी शंका काढली: या लोकांकडे शतकानुशतकं तालमुद नव्हता, तर त्यांचे घटस्फोट नियमाप्रमाणे झाले होते कशावरून? आणि झाले नसतील तर पुढची लग्नं वैध कशी? १९६२ साली मुख्य रब्बींनी त्यांच्या लग्नाआधी वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. दिवेकर, पेणकर, किहीमकर जेरुसलेममध्ये रस्त्यावर बसले, बायकामुलांसह. १९६४च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेनं हे लोक सर्वार्थानं ज्यू असल्याचं जाहीर केलं आणि आदेश बदलावा लागला. मला त्या रब्बींचा राग येतो, तो त्यांना तालमुद माहीत होता म्हणूनच. ज्या ग्रंथात हरलेल्या मताचंही नाव राखलंय, तो ग्रंथ मांडीवर घेऊन त्यांनी या माणसांना आधी विचारायला हवं होतं, की पुस्तकाशिवाय तुम्ही टिकलात कसे?

ज्यूंमध्ये जीर्ण झालेला पवित्र ग्रंथ फेकत नाहीत, जाळत नाहीत. माणसासारखा कबरस्तानात पुरतात. ते करायच्या आधी मात्र पुस्तक दुरुस्त होतंय का ते पाहायचं असतं. मुंबईच्या मांडवीत वीस वर्षं ते काम शुर्राबीकडे यायचं. जुनं प्रार्थनापुस्तक घेऊन कुणी आलं, की तो ते उघडायचा, सुटलेले जुज मोकळे करायचा आणि दोरा ओवायच्या आधी पान वाचून पाहायचा.

(पुढच्या आठवड्यात : अलिबागची इस्राएल आळी)