एस्तरगोमचे महागुरुस्वामी लुकास

इंग्लंडचे हुतात्मे संत थॉमस बेकेट यांची कथा आमच्या वाचकांनी प्रवचनांतून अनेकदा ऐकली असेल. दुसरा हेन्री राजा याच्याशी ख्रिस्तसभेच्या हक्कांसाठी झगडून ते इ.स. ११७० च्या डिसेंबर महिन्याच्या २९ तारखेस आपल्याच महामंदिरात तलवारींखाली पडले. त्याच काळात हंगेरी देशात दुसरे एक महागुरुस्वामी राजांशी तसेच झगडत होते. त्यांच्या वाट्यास हौतात्म्य आले नाही, आणि त्यांच्या नावामागे 'संत' ही पदवीही लागली नाही. कदाचित म्हणूनच आपल्याकडे त्यांचे नाव कोणास ठाऊक नाही. त्यांचे नाव लुकास. त्यांच्याविषयी चार शब्द लिहावे असे आम्ही योजिले आहे.

हंगेरीच्या एका सरदार घराण्यात इ.स. ११२० च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. घरी सत्ता होती, संपत्ती होती. असा मुलगा एरवी घोड्यावर बसून शिकारीस गेला असता. लुकास विद्येसाठी पॅरिसला गेले. त्या काळी पॅरिसच्या गुरूंची कीर्ती साऱ्या ख्रिस्ती जगात पसरलेली होती व दूरदूरचे विद्यार्थी आल्प्स पर्वत ओलांडून तेथे येत. जेरार्द ला प्युसेल नावाच्या प्रसिद्ध गुरूंपाशी लुकास शिकले. याच शाळेत वॉल्टर मॅप नावाचा एक तरुणही होता. हा पुढे इंग्लंडच्या राजदरबारी चढला आणि त्याने दरबारी मंडळींच्या गमतीजमतींचा एक लॅटिन ग्रंथ लिहिला. त्याची जीभ मोठी तिखट. साधुसंन्याशांनाही तो सोडीत नाही. पण लुकासांविषयी लिहिताना त्याची लेखणी मऊ होते. तो सांगतो की, या हंगेरियन विद्यार्थ्याच्या पानाला नेहमी गोरगरीब असत, आणि ते अशा रीतीने बसत की पाहणाऱ्यास ते भिकारी न वाटता आमंत्रित पाहुणे वाटावे.

गरिबाला दाराशी उभे करून पसाभर देणे निराळे आणि पंगतीस बसविणे निराळे, हे आम्ही गावच्या लोकांस सांगावयास नको.

मायदेशी परतल्यावर लुकास प्रथम एगेरचे बिशप झाले आणि इ.स. ११५८ मध्ये एस्तरगोमचे महागुरुस्वामी. डॅन्यूब नदीच्या वळणावरील हे नगर म्हणजे हंगेरियन ख्रिस्तसभेचे पहिले पीठ. देशाला ख्रिस्ती करणारे राजे संत स्टीफन यांच्या काळापासूनचा त्याचा मान. हंगेरीच्या राजास मुकुट घालावयाचा तो एस्तरगोमच्या महागुरूंनीच, अशी रीत पडलेली होती. या एका हक्कापायी लुकासांना पुढे जे सोसावे लागले तीच त्यांची खरी कथा आहे.

त्यांच्या कारकीर्दीच्या आरंभीच ख्रिस्तसभेत मोठी फूट पडली. इ.स. ११५९ मध्ये तिसरे अलेक्झांडर पोपपदी निवडले गेले. पण जर्मनीचा सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा याने दुसऱ्याच माणसाला, चौथा व्हिक्टर या नावाच्या प्रतिपोपला, उचलून धरले. शेजारच्या बलाढ्य सम्राटाला दुखविणे हंगेरीला परवडणारे नव्हते. तरीही राजा दुसरा गेझा याने इ.स. ११६१ मध्ये अलेक्झांडर यांचा पक्ष स्वीकारला, आणि त्यामागे लुकासांचे वजन होते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे याच पोपमहाशयांशी लुकासांचे मतभेद व्हावयाचे होते.

इ.स. ११६२ च्या मे महिन्यात गेझा वारला. त्याचा पुत्र तिसरा स्टीफन हा पंधरा वर्षांचा पोर. लुकासांनी त्याला विधिपूर्वक मुकुट घातला. पण त्याचे दोन चुलते कॉन्स्टँटिनोपलच्या ग्रीक सम्राटाच्या आश्रयास होते, आणि सम्राट मॅन्युएल याला हंगेरीच्या सिंहासनावर आपल्या मुठीतला माणूस हवा होता. सम्राटाची फौज सरहद्दीवर आली, सरदारांनी कच खाल्ली, पोरगा राजा देश सोडून पळाला, आणि थोरला चुलता लादिस्लाव राजा होऊन बसला. न्यायाने सांगावयाचे तर चुलत्याचा दावा अगदीच पोकळ नव्हता. त्या देशात राज्य मुलाकडे जावे की वडीलधाऱ्या भावाकडे, याचा निर्णय पिढ्यान् पिढ्या लागलेला नव्हता. चुलत्या-पुतण्यांचे असले तंटे आपल्याही गावांत सातबाराच्या उताऱ्यावरून चालतात. तेथे एका राज्याचा प्रश्न होता इतकेच.

परंतु लुकासांच्या दृष्टीने प्रश्न सरळ होता. अभिषिक्त राजा जिवंत असता दुसऱ्याच्या मस्तकी मुकुट ठेवावयाचा नाही. त्यांनी नकार दिला. तेव्हा दक्षिणेकडील कालोचा येथील महागुरुस्वामी मिको यांजकडून लादिस्लावाने तो विधी उरकून घेतला. लुकासांनी या नव्या राजास ख्रिस्तसभेतून बहिष्कृत केले, आणि राजाने लुकासांना तुरुंगात टाकले.

या बंदिवासातली एक हकिकत वॉल्टर मॅपने दिली आहे. लुकासांच्या सुटकेसाठी पोप अलेक्झांडर यांचे पत्र मिळविण्यात आले व गुप्तपणे तुरुंगात त्यांच्या हाती पोचविण्यात आले. त्या पत्राच्या मोहरेसाठी रिवाजाप्रमाणे बारा नाणी भरावी लागली होती. हे कळताच लुकासांनी पत्राचा उपयोग करण्यास नकार दिला. पैसे देऊन मिळविलेल्या पवित्र अधिकाराने मला सुटावयाचे नाही, असे त्यांचे म्हणणे पडले.

येथे थोडा खुलासा केला पाहिजे. पवित्र वस्तूंचा, पदांचा किंवा कृपादानांचा पैशाने सौदा करणे या पापास ख्रिस्तसभेत 'सायमनी' म्हणतात. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात शिमोन नावाचा जादूगार पवित्र आत्म्याचे दान विकत घेण्यासाठी प्रेषितांपुढे पैसे ठेवतो आणि पेत्र त्याला धिक्कारतो. त्याच्या नावावरून हा शब्द आला. भाविक घरच्या बागेतील केळ्यांचा घड किंवा नव्या भाताचे तांदूळ प्रेमाने आपल्या धर्मगुरूंकडे पाठवितात ती काही सायमनी नव्हे. मिस्साच्या निमित्ताने देतात ते दानही नव्हे. बारा नाण्यांची ती रक्कमही लिहिणाऱ्या-मोहर करणाऱ्या कारकुनांची नेहमीची फी होती. कोणी लाच म्हणून दिलेली नव्हती. लुकासांनी ती मान्य केली असती तर त्यांना कोणी नावे ठेविली नसती. पण अंधारकोठडीत बसलेल्या माणसाने असा हिशेब केला, यावरून त्यांच्या अंतःकरणाची घडण कळते. मॅप रसाळ कथाकार आहे, तेव्हा त्याच्या कथेतील थोडे मीठमसाला म्हणून बाजूस ठेवले तरी पुढील घटना पाहता हा प्रसंग लुकासांच्या स्वभावाशी तंतोतंत जुळतो.

इ.स. ११६३ च्या जानेवारीत लादिस्लाव अकस्मात मरण पावला. लगेच दुसरा चुलता, चौथा स्टीफन, पुढे झाला. लुकासांचे उत्तर तेच. पुन्हा मिकोंनी मुकुट घातला, पुन्हा लुकासांनी बहिष्कार पुकारला. पण या चुलत्याला प्रजाही कंटाळलेली होती. जून महिन्यात सेकेशफेहेरवार येथे लढाई होऊन त्याचा पराभव झाला आणि तरुण राजा आपल्या सिंहासनावर परत आला.

पुतण्याने लुकासांचे उपकार स्मरले असतील, परंतु त्यालाही पैशाची गरज होतीच, आणि युद्धांच्या खर्चासाठी चर्चच्या मालमत्तेवर हात टाकण्याचा मोह राजांना होतो. इ.स. ११६९ मध्ये, पोपमहाशयांच्या वकिलासमक्ष, तिसऱ्या स्टीफनने लेखी वचन दिले की, पोपच्या संमतीवाचून आपण बिशपांना पदच्युत करणार नाही वा त्यांची बदली करणार नाही, आणि देशावर शत्रू चालून आल्यावाचून रिकाम्या पीठांची मिळकत वापरणार नाही. हे वचन घेण्यात लुकासांचा हात होता. ज्या राजासाठी तुरुंग भोगला त्यालाही त्यांनी मोकळे रान दिले नाही.

इ.स. ११७२ च्या मार्च महिन्यात हा राजा ऐन तारुण्यात वारला. आता गादी त्याचा धाकटा भाऊ बेला याच्याकडे जावयाची होती. बेला लहानपणीच तहाच्या अटीप्रमाणे कॉन्स्टँटिनोपलला पाठविला गेला होता. तेथे त्याचे नाव बदलून अलेक्सियस झाले, ग्रीक पंथात तो वाढला, आणि काही काळ तर सम्राटाचा वारस म्हणून त्याची गणना होती. तो परतला. हक्क त्याचा होता. चुलत्यांसारखा तो कोणाचे हिरावून घेत नव्हता. सरदारांनी त्याचे स्वागत केले. आणि लुकासांनी मुकुट घालण्याचे नाकारले.

कारण काय? तर बेलाने महागुरूंच्या दूताला एक उंची झगा भेट दिला होता. लुकासांच्या मते ती सायमनी होती. राज्याभिषेकाच्या पवित्र विधीपूर्वी विधी करणाऱ्याच्या माणसाला दिलेली देणगी ही किंमतच होय, असे त्यांनी धरले.

अनेक इतिहासकार म्हणतात की झगा हे केवळ निमित्त होते. खरे भय ग्रीक दरबारात वाढलेल्या राजाचे होते, त्याच्याबरोबर रोमशी असलेले नाते तुटेल याचे होते. तसे भय त्यांना वाटले असेल. आम्हांस मात्र झगा निव्वळ निमित्त वाटत नाही. बारा नाण्यांचा ज्यांनी हिशेब केला त्यांना झगा दिसणारच.

बेलाने पोप अलेक्झांडर यांजकडे दाद मागितली. त्या भेटीत सायमनीचे पाप नाही असे पोपमहाशयांनी ठरविले. लुकास तरीही वळले नाहीत. तेव्हा पोपमहाशयांनी कालोच्याच्या महागुरूंना विधी करण्याची अनुज्ञा दिली आणि १३ जानेवारी ११७३ रोजी बेला हंगेरीचा राजा झाला. ज्या पोपना लुकासांनी आपल्या देशात मान्यता मिळवून दिली, त्यांच्याच आज्ञेने लुकासांच्या पीठाचा हक्क त्या दिवसापुरता दुसऱ्याकडे गेला. पूर्वी दोनदा कालोच्याने घातलेला मुकुट बेकायदा होता. या वेळचा कायदेशीर होता. लुकासांच्या मनास हे किती लागले असेल!

लुकास या वेळी चुकले, असे आमचे मत आहे. पोपमहाशयांचा निर्णय आल्यावर स्वतःच्या शंकेला कवटाळून बसणे धर्मगुरूस शोभत नाही, मग ती शंका कितीही निर्मळ असो. बेलाविषयीची भीतीही खोटी ठरली. तो लॅटिन ख्रिस्तसभेशी एकनिष्ठ राहिला, आणि हंगेरीच्या थोर राजांत त्याची गणना होते. पण तुरुंगात बारा नाण्यांनी अडलेला माणूस आणि राजवाड्यात झग्याने अडलेला माणूस हे दोन नव्हेत. पहिल्याचे कौतुक करावयाचे आणि दुसऱ्याला हट्टी म्हणून हसावयाचे, हे आम्हांस जमत नाही.

राजानेही त्यांना हसून घालविले नाही. लुकास काही काळ दरबारापासून दूर राहिले खरे, पण त्यांना कोणी पीठावरून काढले नाही. बेलाने लेखी ग्वाही दिली की, कालोच्याने आपणांस मुकुट घातला तरी एस्तरगोमच्या परंपरागत हक्कास त्याने बाध येत नाही. पुढे दोन पीठांमध्ये या हक्कावरून पुन्हा वाद निघाला, तेव्हा पोप तिसरे इनोसंट यांच्या पत्रव्यवहारात त्या झग्याची गोष्ट नमूद झाली.

एस्तरगोममधील एका टेकडीस आजही संत थॉमस यांचे नाव आहे, ते इंग्लंडच्या त्या हुतात्म्याचे. लुकासांचे पीठ होते ते जुने महामंदिर आता राहिलेले नाही. त्या जागी एकोणिसाव्या शतकातील भव्य घुमटाचे मंदिर डॅन्यूबवर उभे आहे.

इ.स. ११८१ मध्ये लुकास देवाघरी गेले. दुसऱ्याच वर्षी, १६ मे ११८२ रोजी, बेलाने आपला पुत्र इमरे यास आपल्या हयातीतच राज्याभिषेक करविला. या वेळी मुकुट घातला तो एस्तरगोमचे नवे महागुरुस्वामी निकोलस यांनी.