वह्यांतले बाबासाहेब उंचावरूनच का दिसावेत?

2022 च्या भीमजयंतीला लातूरच्या आंबेडकर पार्कमध्ये चेतन राऊत व त्यांच्या सहकारी कलावंतांनी 18 हजार वह्या मांडून सुमारे 11 हजार चौरस फुटांची बाबासाहेबांची प्रतिमा साकारली. कलेच्या भाषेत हे मांडणशिल्प. जवळ उभे राहा, नुसते रंगीत पुठ्ठे दिसतील. उंचावर जा, डोळा ठिपके जोडतो आणि त्यातून चेहरा उमटतो.

निलंग्यात 2019 साली मंगेश निपाणीकरांनी शेतात गवत उगवून छत्रपती शिवराय साकारले, तेही आकाशातूनच नीट दिसणारे. म्हणजे उन्हात राबणारे हात जमिनीवर आणि चित्र ड्रोनवाल्याला! आमची तक्रार कलावंतांशी नाही, या उंचीशी आहे.

आमचे बुलडाणा घाटमाथ्यावर वसले आहे. उताराच्या पायथ्याचे मैदान निवडले तर म्हातारी आजीही चार पावले चढून चेहरा पाहील. चैत्यभूमीवर फुले-मेणबत्त्यांऐवजी ‘एक वही, एक पेन’ आणा, ही हाक समाजाने ऐकली आहेच. मग जयंती मंडळांनी डीजेची वर्गणी थोडी इकडे वळवावी. प्रत्येक घराने एक वही आणावी, नेमून दिलेल्या जागी स्वतःच्या हाताने ठेवावी. मांडलेले चित्र मोडायचे तेही पोरांनीच, वह्या घरी नेऊन.

उरलेल्या वह्या कोणत्या शाळेला किती दिल्या, याची सही-शिक्क्याची यादी विहाराच्या फलकावर लागली पाहिजे. वकिली सवय म्हणा हवे तर. डीजेची पावती कुठे लागलेली आम्ही अजून पाहिलेली नाही.